पाळण्याचा आफ्रिकेला वळसा

२५ फेब्रुवारी, रविवार. सकाळचे साडेसात. मागच्या अंगणात नळाशेजारी स्टूल टाकून मी शेजारणीचा वरवंटा घासत होते. रायपूरला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्याला लोढा म्हणतात. शेजारीण त्याच्यावर रोज टमाटर, हिरवी मिरची आणि लसूण वाटते. इतक्या वर्षांचा लसूण दगडात मुरला की तो बेसनानं जात नाही, लिंबानं जात नाही, आणि भांड्यांच्या साबणानं तर मुळीच जात नाही. मी कपड्यांचा ब्रश घेतला होता. संध्याकाळी चार वाजता ह्याच दगडाला टोपडं घालून, काजळ लावून पाच बायका त्याचे लाड करणार होत्या, आणि बाळाला लसणाचा वास येऊन चालणार नव्हतं.

बारशाला आमच्यात आधी वरवंटा पाळण्यात निजवतात, मग बाळ. वरवंट्यासारखं टणक हो, असा त्याचा अर्थ मी लावलाय. खरा काय असेल तो असो. आमच्या घरी वरवंटा नव्हता असं नाही. होता. पण त्या दिवशी तो समुद्रात होता. पाळणाही समुद्रात होता. आणि बाळ, म्हणजे माझी नात, बारा दिवसांची, रॉटरडॅमला होती.

हे असं कसं झालं ते सांगते.

पाळणा सागवानी आहे, चार पितळी साखळ्यांचा. माझ्या सासऱ्यांच्या जन्माच्या वेळी गोल बाजाराजवळच्या एका सुतारानं केलेला. त्यात सासरे झोपले, मग माझे यजमान आणि त्यांची भावंडं, मग माझी मुलगी. पुरानी बस्तीतलं आमचं घर आम्ही पाडून नवं बांधलं तेव्हा जुन्यातलं काहीच ठेवलं नाही. ठेवण्यासारखं नव्हतंही. फक्त सासूबाईंनी पाळण्याची लोखंडी कडी मागून घेतली आणि बैठकीच्या स्लॅबमध्ये बसवायला लावली. मिस्त्री म्हणाला, "अम्मा, पंखे का हुक अलग से डाल दिया है." सासूबाई म्हणाल्या, "पंखा तुझ्या घरी लाव." स्लॅब पडेपर्यंत त्या उन्हात उभ्या होत्या.

मुलगी सातव्या महिन्यात ओटी भरायला आली होती. बाळंतपण तिकडेच होणार, हे आधीच ठरलं होतं. पहिले तीन महिने तिच्या सासूबाई राहणार आणि नंतरचे तीन महिने मी. दोघींना एकदम नेऊन त्यांच्या दोन खोल्यांत काय करायचं? व्हिसाही तेवढाच मिळतो. मला ही वाटणी पटली होती. जाताना मुलगी कडीकडे बघत म्हणाली, "आई, मला ना, बारसं आपल्याच पाळण्यात करायचं आहे."

मी म्हणाले, "पाठवते."

मी शाळेत गणित शिकवते. हिशेब केल्याशिवाय शब्द देत नाही. गुढियारीत मालधक्क्याच्या बाजूला एक कार्गोवाला आहे, त्याच्याकडे गेले. विमानानं पाळणा पाठवायचा तर त्या भाड्यात मी स्वतः जाऊन आले असते. समुद्रानं स्वस्त. तो म्हणाला, "दीदी, सवा महीना पकड़ के चलो." बाळाला अजून दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता. मी दहा दिवस पावसापाण्याचे, दहा दिवस सरकारी कागदांचे जास्त धरले आणि तरी वेळ उरत होता.

खरं तर महिनाभर आधीच पाठवता आला असता. पण सासूबाईंनी अडवलं. "ओटी भरल्याबिगर रिकामा पाळणा घराबाहेर नाई काढत." मी वाद घातला नाही. अशा गोष्टींत हरलं तर वेळ जातो आणि जिंकलं तर त्याहून जास्त जातो.

पाळणा सुटा केला, जुन्या चादरींत बांधला. लाकडी खोक्याला धुरी देऊन शिक्का मारून घ्यावा लागतो, म्हणजे लाकडातून कीड परदेशी जाऊ नये. तोही मारून घेतला. यादी मी माझ्या हातानं लिहिली: सागवानी पाळणा एक, पितळी साखळ्या चार, गादी एक, उशी एक, चादरी तीन.

आठवड्यानं मी नववीच्या वर्गात असताना कार्गोवाल्याचा फोन आला. "दीदी, बंबई पोर्ट से पूछ रहे हैं. आपके बक्से में स्कैन पे कुछ दिख रहा है. लंबा, गोल, ठोस. कपड़े में लिपटा हुआ. क्या है?"

"साखळ्या असतील."

"जंजीरें अलग दिख रही हैं. ये तकिये के नीचे है."

मी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मी विचारलं, "आई, खोक्यात तुम्ही काही ठेवलं काय?"

त्यांनी आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग त्या म्हणाल्या, "टोपड्यात गुंडाळून ठेवला ना. फुटत नाई तो."

"काय फुटत नाही?"

"वरवंटा. तिथं कुठं भेटते वरवंटा? मिक्सरले टोपडं घालतीन काय तुही पोरगी?"

मी कार्गोवाल्याला सांगितलं, लोढा आहे. तो म्हणाला, लोढा क्यों? मी म्हणाले, भैया, बच्चे से पहले उसको पालने में सुलाते हैं. तो फार अदबीनं म्हणाला, "दीदी, ये लिख के देना पड़ेगा."

लिहून दिलं. एक नग दगडी लोढा, मसाला वाटण्याचा, धार्मिक कामासाठी, आत काही भरलेलं नाही. सही, शिक्का, आधारची प्रत. खोकं उघडलं, पाहिलं, पुन्हा बंद केलं. ह्या सगळ्यात आमचं जहाज निघून गेलं. पुढचं आठ-दहा दिवसांनी होतं. मी म्हटलं ठीक आहे, माझ्या हिशेबात एवढी जागा आहे.

तेवढ्या दिवसांतच लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि एकेक कंपनी तिकडून जायचं सोडू लागली. आधीचं जहाज नेहमीच्या वाटेनं पार झालं होतं. आमचं खोकं ज्या जहाजावर चढलं ते आफ्रिकेला वळसा घालून जाणार होतं.

आमच्या घरी समुद्राचा विषय कधी निघत नसे. रायपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे पुरी. सासूबाईंनी तो एकदाच पाहिलाय, लग्नानंतर. पुरीच्या काठावर उभं राहिलं तर समुद्राला गल्ली असते असं कुणालाच वाटणार नाही.

"एवढा मोठा समुद्र," त्या म्हणाल्या, "बाजूनं निघून जावं ना जहाजानं. काहून त्याच गल्लीतून जाते?"

मी शाळेतून नकाशाचं पुस्तक आणलं. जेवणाच्या टेबलावर उघडून मुंबईवर हरभऱ्याचा एक दाणा ठेवला आणि रॉटरडॅमवर दुसरा. मध्ये अरबस्तान. "ही लाल समुद्राची वाट. टोकाला कालवा. इथून गेलं की जवळ. गुढियारीचा अंडरब्रिज समजा."

"अन् अंडरब्रिजात पाणी भरलं तं?"

"मग फाफाडीहवरून फिरून जावं लागतं."

"ते तं अर्धा घंटा जास्त."

"इथे दोन-तीन आठवडे जास्त." मी बोट आफ्रिकेच्या कडेकडेनं खाली नेलं, टोकाला वळवलं, पुन्हा वर आणलं. सासूबाई चष्मा सावरून बघत होत्या. एवढी मोठी जमीन तिथे असेल अशी त्यांची कल्पना नसावी.

यजमान प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात खरेदी बघतात. त्यांच्याकडे ही बातमी माझ्या आधी पोचली होती, पण त्यांना ती पाळण्याची बातमी वाटली नव्हती. पाइप ज्या दाण्यांपासून करतात ते दाणे म्हणजे तेलाचंच बाळ, असं ते नेहमी सांगतात. तेल आखातातून निघतं, ह्याच नकाशावर अरबस्तानाच्या दुसऱ्या बाजूनं. तिथे दुसरी गल्ली आहे, होर्मुझची. ती कुणी बंद केली नव्हती. पण एका गल्लीत दगडफेक झाली की दुसऱ्या गल्लीतले लोकही दारं लावून घेतात. विमेवाले जहाजाचा हप्ता वाढवतात. दाणे विकणारे म्हणतात, आज माल नाही, सोमवारी भाव सांगतो. सोमवारी म्हणतात, परवा.

"आपल्याकडं तं मोप तेल," सासूबाई म्हणाल्या. "मंग आपल्याले काय?"

"आई, आपल्याकडं तेल नाई, कोयला आहे," यजमान म्हणाले. "तेल बाहेरूनच येते."

"अन् पाळण्याले तेल काहून लागते?"

"पाळण्याले नाई, जहाजाले. जहाज तेल जाळत जाते. तीन हप्ते जास्त फिरलं तं तीन हप्त्यांचं तेल जास्त. मालक थोडीच आपल्या खिशातून देते."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे गल्ली बंद म्हणून तेल महाग. तेल महाग म्हणून जहाज महाग. जहाज महाग म्हणून तेल आणखीन महाग. हे तं आपल्या पाऱ्यातल्या त्या दोन जावांवानी झालं. ती बोलली म्हणून ही बोलली, अन् ही बोलली म्हणून ती."

मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, पण इतकं सोपं करून मी कधी काही सांगितलेलं नाही.

मग जानेवारीत कारखाना दोन पाळ्यांवरून एकीवर आला. महाग दाण्यांचे पाइप कुणी घेईना, आणि स्वस्त दाणे समुद्रात फिरत होते. गुढियारीहून सायकलनं येणारी माणसं आठवड्यातले तीन दिवस घरी बसू लागली. त्यातला एक यजमानांना म्हणाला, "भैया, हमने तो समुंदर देखा भी नहीं, उसका क्या बिगाड़ा है?" यजमान स्वतः पाच वाजताच घरी येऊ लागले आणि स्वयंपाकघरात उभं राहून मला विचारू लागले की कुकरच्या चार शिट्ट्या कशाला, तीन का नाही? एके दिवशी पेट्रोल संपणार अशी अफवा उठली आणि पंपावर ही रांग. मी स्कूटर वळवून घरी आले. टाकी अर्धी भरलेली होती आणि शाळा दोन किलोमीटर. ज्यांनी टाक्या काठोकाठ भरून घेतल्या त्यांना दुसऱ्या दिवशी पंपावर कुणीच नसलेलं बघून बरं वाटलं नसणार.

हे सगळं मी निभावून नेलं. पण कार्गोवाल्याचा फोन आला तेव्हा माझा तोल गेला. तो म्हणाला, लढाईचा म्हणून वेगळा सरचार्ज लागेल, आणि खोकं मधल्या एका बंदरात उतरून पडलंय. बंदरात गर्दी झालीय. कधी चढेल सांगता येत नाही. मी तारखा मांडल्या. माझ्या हिशेबातली सगळी जास्तीची जागा संपली होती. बाळ वेळेवर आलं तरी पाळणा बारशाला पोचणार नव्हता.

सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या. त्या बाळासाठी गोधडी शिवत होत्या, माझ्या सासऱ्यांच्या धोतराची आणि स्वतःच्या दोन सुती लुगड्यांची. त्यांना सुईचं नेढं आता दिसत नाही. म्हणून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी सहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवत असे. सहा सुया त्यांना संध्याकाळपर्यंत पुरत.

मी म्हणाले, "आई, तुमच्या एका दगडानं पाळणा आफ्रिकेला गेला."

त्यांनी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला, गोधडीची घडी घातली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा सुया ओवलेल्या तशाच होत्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मला त्या उशीला टोचलेल्या दिसल्याच नाहीत. त्यांनी त्या काढून डब्यात ठेवल्या होत्या. जहाज कुठे पोचलं हे रोज विचारायच्या, तेही बंद झालं. नकाशावरचे हरभऱ्याचे दाणे कुणीतरी उचलून टाकले. सासूबाई चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आम्ही तीस वर्षं एकमेकींवर चिडत आलोय, त्याची रीत आम्हाला ठाऊक आहे. ह्या गप्प राहण्याची नव्हती.

"काय झालं आईले?" यजमानांनी विचारलं.

"मी बोलले."

"माफी माग मंग."

"तुम्ही कधी मागितली कुणाची?"

ते कुकरकडे बघू लागले. खरं म्हणजे आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि काय करावं ते मला सुचत नव्हतं. शिवाय हिशेबानं पाहिलं तर चूक निम्मी माझीही होती. विमानाचं भाडं बघून समुद्र मी निवडला होता. आणि गल्ली बंद होईल हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला.

बाळ दहा दिवस आधीच आलं. मुलगी. दोघी सुखरूप. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, सगळ्या पाऱ्यात पेढे वाटायला लावले, आणि मुलीशी फोनवर बोलताना पाळण्याचं नावही काढलं नाही. मुलीनंच काढलं. "आजी, पाळणा कब आएगा?" ती त्यांच्याशी निम्मं हिंदीत बोलते. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला.

बारशाच्या चार दिवस आधी मी फोनवर जहाज शोधलं; खोकं मधल्या बंदरातून एकदाचं त्यावर चढलं होतं. ते आफ्रिका संपवून वर चढत होतं. दोन आठवडे तरी लागणार होते. मी बैठकीत उभी होते, आणि डोक्यावर ती कडी होती. रिकामी. दोन महिने मी तिच्याखालून ये-जा करत होते.

मी आत गेले. सासूबाई पलंगावर बसून पंचांग चाळत होत्या. मी म्हणाले, "आई, तुमचं एक लुगडं द्या. मजबूत."

"काहून?"

"कडीला झोळी बांधायची. बारसं इथंही करू. पाळणा तिथं नाही पोचला, पण कडी तर इथं आहे ना. आधी इथं वरवंटा निजेल, मग तिथं बाळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वरवंटा कुठं आहे?"

"शेजारणीचा आणते."

"तिचा?" बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "त्याले लसणाचा वास मारते!"

"घासते मी."

"ब्रशनं घास. नुसत्या हातानं नाई जात." मग त्या उठल्या, कपाट उघडलं. हिरवं इरकली लुगडं काढून माझ्या हातात दिलं. आणि ते काढताना त्याखालची अर्धी शिवलेली गोधडी दिसली तेव्हा तीही ओढून बाहेर काढली. "झोळीत खाली टाकाले पायजे काहीतरी. दगड गार राहते."

म्हणून मी रविवारी सकाळी नळावर होते. ब्रशनं घासलं आणि वास गेला. बराचसा.

चार वाजता इकडे, तिकडे साडेअकरा. पाच बायका आल्या होत्या, त्यात शेजारीणही, आपल्या लोढ्याचं कौतुक बघायला. यजमानांनी झोळीची गाठ तीनदा ओढून पाहिली. "दगड पडला तं फरशी फुटेल," ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "तू पडला होतास त्याच कडीखाली. तुले काही झालं?"

"साखळी तुटली होती का?" शेजारणीनं विचारलं.

"साखळी नाई. हाच उड्या मारून राहिला होता."

फोनवर मुलगी दिसली, रडवेली आणि दमलेली, मागे तिच्या सासूबाई, नागपूरच्या, पदर खोचून. मुलीनं विचारलं, "आई, इसको किसमें रखूं? यहाँ तो हुक भी नहीं है. छताला काही टांगलं तर घरमालक घराबाहेर काढेल."

"तुझ्याकडे काय आहे?"

"धुतलेल्या कपड्यांची टोपली है. नई है, अभी वापरली नाही."

"अवो, चालते!" मागून विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या नागपुरात तं सुपात ठेवतात. हे त्याहून मोठं आहे."

मुलीनं टोपली कॅमेऱ्यासमोर धरली. पांढरी, जाळीची, दोन बाजूंना कान असलेली. यजमान माझ्या खांद्यावरून वाकले. "उलटी कर पाहू. तळाला पाहू दे."

"बाबा, बारसं चल रहा है!"

"कर ना."

तिनं उलटी केली. तळाला बाणांचा छोटा त्रिकोण होता, त्यात दोनचा आकडा. यजमान सरळ उभे राहिले. "दोन नंबर. हा आमचाच माल. आमच्या पायपाचा सख्खा भाऊ."

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे ते तेलाचं?"

"तेलाचंच."

"त्या तेलापायी पाळणा अडला, अन् पोट्टी तेलाच्या टोपलीत झोपून राहिली," सासूबाई म्हणाल्या. मग मोठ्यानं फोनमध्ये, "टोपलीत काही टाकलं का खाली? का तशीच ठेवतेस?"

"दुपटं टाकलं, आजी. डबल."

"हव. मंग ठीक आहे."

टोपडं घातलेला लोढा माझ्या मांडीवर होता. काजळ शेजारणीनं लावलं होतं, जरा जास्तच. बायकांनी त्याला झोळीच्या खालून घेतला, वरून दिला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तो घेऊन गोधडीवर निजवला आणि झोळीला एक झोका दिला. कडी कुरकुरली. तो आवाज मी माझी मुलगी पाळण्यातून उठल्यापासून ऐकला नव्हता. मला वाटत होतं तो पाळण्याचा आवाज आहे. तो कडीचाच होता.

तिकडे विहीणबाईंनी बाळाला टोपलीत ठेवलं. तिच्या कानात नाव सांगितलं. इकडे सासूबाईंनी झोळीत वाकून तेच नाव सांगितलं.

"कान कोणत्या बाजूला आहे त्याले?" शेजारणीनं विचारलं.

"जिकडं काजळ नाई तिकडं," सासूबाई म्हणाल्या.

बाळ रडायला लागलं, तर फोनमधल्या आणि खोलीतल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. मी घुगऱ्या वाटल्या. फोन बंद करायच्या आधी मुलगी म्हणाली, "आजी, पाळणा आला की मी परत निजवेन तिला. तेव्हा व्हिडिओ करते. आपला वरवंटाही असेल त्यात."

"पहिले त्याले निजव," सासूबाई म्हणाल्या. "लंबा फिरून येऊन राहिला बिचारा."

संध्याकाळी त्यांनी नकाशाचं पुस्तक मागितलं. कुठे पोचला ते दाखव म्हणाल्या. मी स्पेनच्या बाजूला हरभऱ्याचा दाणा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी लोढ्याचं काजळ पुसलं आणि तो शेजारणीकडे नेऊन दिला, सोबत वाटीभर घुगऱ्या. रिकाम्या हातानं उसनं परत करू नये. ती दारातच टमाटर भाजत बसली होती. लोढा तिनं धुतलासुद्धा नाही, तसाच पाट्यावर धरून चटणी वाटायला घेतली. मी घरी आले. झोळी सोडली, लुगड्याची घडी घातली. गोधडी सासूबाईंच्या उशाशी ठेवली. मे महिन्यात मी जाईन तेव्हा ती पुरी व्हायला हवी होती, आणि अजून निम्मी बाकी होती. डब्यातून सुया काढल्या. उजेडाला धरून सहाही सुयांत दोरा ओवला, मग घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं होती, म्हणून आणखी दोन ओवल्या. आठही सुया उशीला टोचून मी शाळेला निघाले.